शेऱ्याचा रकाना

१. दाखल्यावर रागाच्या भरात काही लिहू नये.
नोकरी नवी होती तेव्हाची गोष्ट. दहावी झालेल्या एका मुलाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक'पुढे मी 'असमाधानकारक' लिहिलं. दोनदा मारामारी, एकदा बाकाची फळी मोडलेली. वडील जिंतूर तालुक्यातले, दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारे. त्यांनी दाखला दुसऱ्याकडून वाचून घेतला आणि म्हणाले, "गुर्जी, चूक लेकरानं केली, शिक्षा बी भोगली. आता कागदाला कशाला लावता?" मी ऐकलं नाही. पुढे अकरावीच्या रांगेत लिपिकाने तो शेरा सगळ्यांदेखत मोठ्याने वाचला. मुलगा तिथूनच माघारी फिरला आणि त्या हंगामात फडात गेला. मारामारी कशावरून झाली, हे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं. आई-बाप सहा महिने कारखान्यावर, हा आजीजवळ, आणि पोरं त्यावरून चिडवायची. ते मला दोन वर्षांनी कळलं.

२. शिस्तीची नोंद वेगळ्या वहीत, कुलपात.
तारीख, काय घडलं, कोण हजर होतं आणि मुलाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत. 'उनाड' ही नोंद नव्हे. मूल शाळा सोडून गेलं की वहीने त्याच्या मागे जाऊ नये. २०१५चा बाल न्याय कायदा तर गुन्ह्यात सापडलेल्या मुलालाही नव्याने सुरुवात करू देतो, विशेष प्रसंग सोडले तर जुनी नोंद पुसायला सांगतो. मग फळी मोडणाऱ्याला जन्माचा डाग का?

३. दाखला अडवून धरू नये.
शिक्षण हक्क कायदा आठवीपर्यंतच्या मुलांसाठी आहे. त्यात दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. तरी जुलै २०२५मध्ये आपल्याच परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यात, मुलीचा दाखला आणायला निवासी शाळेत गेलेल्या बापाचा मारहाणीत जीव गेल्याचा गुन्हा नोंदला गेला. त्या दिवसापासून दाखल्याचं पुस्तक हातात घेतलं की मला तो बाप आठवतो.

४. मुलाच्या जिवाशी, अब्रूशी खेळ झाला असेल तर मात्र सगळं लिहा, त्याच दिवशी.
इथे 'शाळेचं नाव जाईल' हा विचार पाप आहे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याने शंका आली तरी कळवणं बंधनकारक आहे. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचं कृत्य दडवलं तर वर्षापर्यंत कैद. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर ऑगस्ट २०२४मध्ये शासनाने सीसीटीव्ही, तक्रारपेटी, मुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती या सगळ्यांबद्दल पुन्हा बजावलं. आमची पेटी मुख्याध्यापकांच्या दाराशीच टांगलेली होती, वर्षभर रिकामी. तिथे चिठ्ठी टाकायला कोणती मुलगी धजावेल? मुलींच्या स्वच्छतागृहाच्या वाटेवर हलवली, तर आठवड्यात तीन चिठ्ठ्या. एकीत एवढंच: 'ऑटोवाले काका मला रोज पुढंच बसवतात.' बाईंनी तिला जवळ घेऊन विचारलं, आईला बोलावलं, आणि संध्याकाळच्या आत पोलिसांना कळवलं. वर्गात तिचं नाव कुणाला कळलं नाही.

५. पेटीची किल्ली एकट्या मुख्याध्यापकाकडे ठेवू नये. आमच्याकडे ती दोन बाईंकडे असते. उघडताना दोघी लागतात.