अचानक बरळणाऱ्या माणसाच्या पोटावर सोनोग्राफी कशासाठी?

काल संध्याकाळपर्यंत नीट बोलणारी आजी आज लेकरांना ओळखत नाही, दिवसा गुंगीत असते, रात्रभर बडबडते. आपल्या वस्तीत यावर दोन उत्तरे तयार असतात: ‘वय झालं’ किंवा ‘बाहेरचं काही आहे’. दोन्हींमुळे उपचाराला उशीर होतो. म्हातारपणाचा विसराळूपणा हळूहळू वाढतो. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत आलेला गोंधळ बहुधा शरीरातल्या आजाराचा इशारा असतो.

दवाखान्यात आधी साखर, ताप, रक्तदाब आणि ऑक्सिजन पाहतात. सोय असेल तर डॉक्टर खाटेजवळच सोनोग्राफी करतात. ‘बिघाड डोक्यात, मग मशीन पोटावर कशाला?’ असे आपण विचारतो. मूळ तिथेही असू शकते. प्रोस्टेट वाढून लघवी तुंबली तर फुगलेले मूत्राशय लगेच दिसते. नळी घालून लघवी मोकळी केली की गोंधळही ओसरू लागतो. न्यूमोनिया, छातीतले पाणी, पित्ताशयाची सूज, हृदयाचे कमी पडलेले काम यांचाही माग लागतो. वयस्कर माणसाला न्यूमोनियात ताप-खोकला नसतोही.

पण या मशीनने सगळे कळत नाही. कमी साखर, कमी सोडियम, औषधांचा किंवा अचानक दारू सोडल्याचा परिणाम त्यात दिसत नाही. मोठ्या माणसाच्या कवटीआडचा मेंदूही नीट दिसत नाही. तोंड वाकडे झाले, हात-पाय लुळा पडला किंवा डोक्याला मार लागला, तर सिटी स्कॅन लागतो.

गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे सोनोग्राफी मशीन नोंदणी झालेल्या ठिकाणीच वापरता येते. डॉक्टर ती घेऊन घरोघर फिरू शकत नाहीत. म्हणून सेनगाव असो, औंढा असो की कळमनुरी, रुग्णालाच दवाखान्यात न्यावे लागते. १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका मोफत आहे.

जाताना सगळ्या गोळ्या पिशवीत घ्या. डॉक्टरांना सांगा: गोंधळ कधी सुरू झाला, शेवटची लघवी कधी झाली, जेवण किती गेले, पडणे झाले का, दारू कधी सोडली. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणीही घालू नका. हातपाय बांधू नका. ओळखीचे माणूस जवळ बसू द्या. अंगारे-उताऱ्यांत एक तासही घालवू नका, एवढेच आमचे सांगणे.