परसातला न खणलेला कोपरा

नाताळ जवळ आला की घरोघरी आवाराची साफसफाई सुरू होते. कोयता बाहेर निघतो आणि सर्वात आधी परसातला, विहिरीपलीकडचा रानटी कोपरा भुईसपाट होतो. नेमकी त्याच सुमारास तिथे दीपमाळ फुललेली असते.

दीपमाळ आपण सर्वांनी पाहिली आहे. पुरुषभर उंची, चौकोनी खोड आणि त्यावर थोड्याथोड्या अंतरावर काटेरी गेंद. (हात लावून पाहा, काटेरी का म्हटले ते कळेल!) ही तुळशीच्याच कुळातली. गेंदातली नारिंगी, लवदार फुले एकदम न उमलता टप्प्याटप्प्याने उमलतात, त्यामुळे कित्येक आठवडे मध मिळत राहतो. शिंजीर त्यासाठीच येतो. बाकदार चोच फुलात घालतो आणि कपाळाला लागलेले पराग घेऊन पुढच्या फुलाकडे जातो.

असिसीचे संत फ्रान्सिस १२२६ साली वारले. त्यांचे चरित्रकार, सेलानोचे थॉमस, सांगतात की मठाच्या माळ्याला संतांनी बागेच्या कडा न खणता सोडायला सांगितले होते. तिथल्या हिरवाईने व फुलांनी पित्याचे सौंदर्य सांगावे, ही त्यांची इच्छा. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात या गोष्टीची आठवण करून दिली. लक्षात घ्या, भाजीचे वाफे मोडा असे संत म्हणाले नाहीत. फक्त कडा सोडा म्हणाले.

त्यात शेतीचेही शहाणपण आहे. पोळे न करता एकट्याने राहणाऱ्या मधमाश्यांच्या बहुतेक जाती जमिनीत बीळ करून अंडी घालतात. त्यांना न खणलेली माती लागते. निळ्या पट्ट्यांची माशी त्यांतलीच. वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलाला धरून ती अंग थरथरवते, तेव्हा आतले पराग भराभर सुटतात. पोळ्यातल्या मधमाशीला हे जमत नाही. म्हणजे कोपरा गेला तर वाफ्यालाही झळ लागते.

अर्थात, कोपरा सोडला म्हणून तिथे काहीही माजू द्यावे असे नाही. गाजर गवत दिसले तर फुलण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटावे. त्याने अंगाला खाज सुटते, काहींना दम्याचा त्रास होतो. तणनाशक मात्र मारू नये. गाजर गवत कुठले आणि दीपमाळ कुठली, हे त्याला कळत नाही. दीपमाळही फार पसरू लागली तर बी सांडण्याआधी निम्मी कापावी.

आणि यंदा गोठ्यासाठी गवत हवे असेल, तर ते पुढच्या अंगणातले काढा.