आधी स्टिरिओखाली बघ

घोलवड, श्रावण

चि. सायली,


चिकूच्या फळगळीवर प्रोजेक्ट घेतलंस, फार बरं केलंस. डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कौतुक झालं. पण पावसाळ्यात वाडीत फळांचा सडा पडतो, तो का, हे कुणीतरी बसून बघायलाच हवं. मात्र नमुना हातात यायच्या आधीच तू मुंबईला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची वेळ घ्यायला निघालीस, हे काही मला पटलं नाही.

सुरुवात स्टिरिओ मायक्रोस्कोपपासून कर. जेमतेम 10 ते 40 पट मोठं दाखवतो म्हणून कॉलेजात त्याला कुणी विचारत नाही. पण तो अख्खं फळ दाखवतो, न कापता, उंचसखलपणासकट. देठाशी पांढरी, कापसासारखी बुरशी आहे, की बी पोखरून अळी बाहेर पडल्याचं भोक, याचा निकाल तिथेच लागतो. अळी निघाली तर तुझं अर्धं प्रोजेक्टच बदललं.

बुरशी असेल तर सुईच्या टोकावर कणभर घे. चीक लागू देऊ नकोस, तंतूंचा गोळा होतो. लॅक्टोफेनॉल कॉटन ब्लूच्या थेंबात ती पसरव, कव्हरस्लिप तिरकी टेकवून हळूच सोड आणि स्लाइड कंपाउंड मायक्रोस्कोपवर चढव. आधी 10चं ऑब्जेक्टिव्ह, मग 40चं. तंतूंत आडव्या भिंती नाहीत आणि लिंबाच्या आकाराच्या, टोकाला बोंड असलेल्या बीजाणुधानी दिसल्या, तर फायटॉप्थोराचा संशय घे. (ही खरी बुरशी नव्हेच, तिचं नातं तपकिरी शेवाळांशी.) 100चं ऑब्जेक्टिव्ह तेलात बुडवून इथे जास्त काही हाती लागणार नाही. प्रकाशाच्या मायक्रोस्कोपची धाव साधारण 0.2 मायक्रॉनपर्यंत, हे आबे या शास्त्रज्ञाने 1873 सालीच दाखवून दिलं. त्यापुढे चित्र नुसतं फुगतं. तेव्हा जाहिरातीतल्या 2000 पटीला भुलू नकोस.

खरी गंमत पुढे आहे. रंग न घालता त्या बीजाणुधानी स्वच्छ पाण्यात ठेवून थोडा वेळ गार केल्या, की त्यांतून चलबीजाणू पोहत बाहेर पडतात. ते पारदर्शक, म्हणून साध्या उजेडात हरवतात. त्यासाठी फेज कॉन्ट्रास्ट हवा. याच युक्तीबद्दल झेर्निकेला 1953चं नोबेल मिळालं. पावसात हा रोग का पसरतो, ते तुला त्या थेंबात दिसेल. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये हे दिसणार नाही. तिथे निर्वात पोकळी. नमुना मेलेला, सुकवलेला, स्कॅनिंगसाठी बहुधा वर सोन्याचा मुलामा दिलेला.

त्या यंत्राचं मोल मी नाकारत नाही. 2020 साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने (एनआयव्ही) करोना विषाणूचा फोटो घेतला, तो ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर. शंभर नॅनोमीटरहून लहान कण तसा दुसऱ्या कशाने टिपणार? तुझ्या चलबीजाणूच्या पोहायच्या दोन कशाभिकांपैकी एकीवर बारीक केस असतात. ते बघायचे असतील तर खुशाल जा. फळ का गळालं, हे त्या केसांवरून कळायचं नाही. त्यासाठी बुरशी वेगळी वाढवून, निरोगी फळावर लावून, तोच रोग येतो का हे बघावं लागेल.

आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत लेन्सवरही बुरशी धरते. काम झालं की पुसून सिलिका जेलसोबत बंद डब्यात ठेव.

रविवारी ये, कव्हरस्लिपची डबी आण. फळं मी त्याच सकाळी वेचीन. शिळ्या फळावर भलत्याच बुरश्या चढतात.

तुझी,
आत्या