निंदा आणि छळ सोसताना: काय करावे, काय टाळावे

येशूनेही सोसले, म्हणून आपणही गप्प बसावे, एवढेच नव्या विश्वासणाऱ्याला शिकवले जाते. ही शिकवण अपुरी आहे. सोसावे जरूर, पण काय सोसायचे, कुणापुढे बोलायचे आणि कुठे दाद मागायची, हेही कळले पाहिजे. पुढच्या सूचना गावातल्या एकट्या ख्रिस्ती घरासाठी आहेत, सोसायटीत घरी प्रार्थना भरवणाऱ्यांसाठी आहेत आणि त्यांच्या पाळकांसाठीही.

काय करावे

आरोप खरा आहे का, ते आधी पाहा. डोंगरावरील प्रवचनात येशूने धन्य म्हटले ते ज्यांच्याविरुद्ध लोक खोटे बोलतात त्यांना. पेत्रही पहिल्या पत्रात बजावतो की चोरी करून किंवा दुसऱ्याच्या कामात लुडबुड करून मार खाल्ला, तर ते ख्रिस्तासाठी सोसणे होत नाही. रात्री दहानंतर स्पीकर चालू ठेवला आणि शेजारी भांडायला आला, तर तो छळ नाही. आवाज बंद करा आणि सकाळी जाऊन माफी मागा.

टीकाकार कोण आणि निंदक कोण, हे ओळखा. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. सदनातल्या विधवा मुली बाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात, यावरून १८९३ मध्ये वादळ उठले. लोकमान्यांच्या 'केसरी'ने कडक टीका केली, पालकांनी मुली काढून नेल्या. पण सदनाचे सल्लागार मंडळ सोडणारे रानडे आणि भांडारकर हे बाईंचे हितचिंतक होते. धर्माबाबत तटस्थ राहण्याचे ठरलेले धोरण पाळले जात नाही, असा त्यांचा आक्षेप होता. आपण कुणावर सक्ती केली नाही, पण प्रार्थनेच्या वेळी खोलीचे दारही लावून घेणार नाही, असे बाईंचे म्हणणे. मला बाईंचा ठामपणा पटतो, आणि रानडे-भांडारकरांचा प्रश्नही रास्त वाटतो. आज शाळा किंवा वसतिगृह चालवणाऱ्यांनी प्रार्थना केव्हा होते आणि ती ऐच्छिक आहे, हे प्रवेश अर्जावरच मराठीत छापावे. पालकांना ते दुसऱ्याकडून कळता कामा नये.

आणि रमाबाईंनी काम थांबवले नाही, हेही लक्षात ठेवा. तीन-चार वर्षांतच दुष्काळ पडला, तेव्हा मध्य प्रांतातल्या शेकडो निराधार मुलींना त्यांनी आसरा दिला. केडगावचे मुक्ती मिशन त्यातूनच वाढले.

हिशेब चोख ठेवा. 'बाहेरून पैसा येतो' हा आरोप सर्वांत जुना आणि सर्वांत सोपा. दानपेटी दोघांनी मिळून मोजावी, वहीत दोघांच्या सह्या असाव्यात, पावती पुस्तकाची स्थळप्रत फाडू नये. ही वही मंडळीतल्या कुणालाही पाहता आली पाहिजे.

पुरावा त्याच दिवशी जपा. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बदनामीचा मजकूर आला, तर नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. मूळ संदेश पुसू नका, फोन बदलू नका. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. मारहाण झाली असेल, तर सरकारी दवाखान्यात तपासणी करून कागद घ्या.

तक्रार लेखी द्या. दखलपात्र गुन्हा असेल, तर हद्द कुठलीही असो, कोणत्याही पोलीस ठाण्याला खबर नोंदवून घ्यावी लागते. तिची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. नोंद करायला नकार मिळाला, तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा. धार्मिक भावनांचा हेतुपुरस्सर अपमान भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ मध्ये येतो, अब्रुनुकसानी ३५६ मध्ये. अब्रुनुकसानीसाठी सहसा न्यायदंडाधिकाऱ्यापुढेच जावे लागते.

असे केल्याने विश्वास कमी पडतो, असे कुणी म्हणाले, तर त्याला 'प्रेषितांची कृत्ये' वाचायला सांगा. फिलिप्पैत फटके मारून तुरुंगात टाकल्यावर पौल गुपचूप निघून गेला नाही. अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन सोडावे, असे त्याने सांगितले. पुढे त्याने कैसरापाशी दाद मागितली. येशूच्या तोंडावर शिपायाने मारले, तेव्हा त्यानेही विचारले की माझे काय चुकले ते सांग.

घरच्यांना वेळ द्या. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ च्या फेब्रुवारीत झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. नातलगांचा आक्रोश, सोवळे, वेगळी चूल, पुढे हळूहळू नवऱ्याच्या संसारात परतणे, हे सारे 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांनीच लिहिले आहे. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला तो १९०० साली. आई रडते, भाऊ बोलत नाही, यालाही लगेच छळ म्हणू नका. ते दुःख आहे. सणाला घरी जा, म्हाताऱ्यांचे औषधपाणी पाहा, वादात पडू नका.

जाहीर जागा सोडू नका. ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली, तेव्हा विरोध झाला, धमक्यांचे फोन आले. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला त्यांनी अध्यक्षीय भाषण केलेच. ग्रामसभा, पालकसभा, वाचनालय ही आपलीही ठिकाणे आहेत. तिथे जात राहा.

काय टाळावे

दुसऱ्याच्या देवाची टवाळी. साक्ष देताना आपल्या आयुष्यात काय घडले, ते सांगा. शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याबद्दल वाईट शब्द काढू नका, मंडळीच्या चार भिंतींतही नको.

मदत आणि बाप्तिस्मा यांची सांगड. धान्य दिले, फी भरली, की त्या घरात बाप्तिस्म्याचा विषय आपण होऊन काढू नका. धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ चा निकाल आहे. शिवाय अनेक राज्यांत वेगळे कायदे आहेत. पण कायदा नसता, तरी भुकेल्याशी असा व्यवहार करणे चूकच.

वाढवून सांगणे. चार माणसे आली असतील, तर चारच सांगा. दुसऱ्या राज्यातला जुना व्हिडिओ आपल्या गावचा म्हणून पाठवला, की खरा छळ झालेल्या माणसावरही पुढे कुणी विश्वास ठेवत नाही.

सगळ्या गावाला शत्रू ठरवणे. दगड मारणारे मोजके असतात. आपल्या बाजूने साक्ष देणारा हिंदू किंवा मुसलमान शेजारी जवळपास असतोच, त्याला आधी भेटा.

क्षमा म्हणजे तक्रार मागे घेणे, असे समजणे. ओडिशातल्या मनोहरपूर गावात जानेवारी १९९९ मध्ये मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची फिलिप व टिमोथी ही दोन लहान मुले गाडीत जिवंत जाळली गेली. ग्रॅहम यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि त्या बारिपदात कुष्ठरोग्यांच्या सेवेत राहिल्या. खटला मात्र चालला, शिक्षा झाली, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. मनातला द्वेष सोडणे आपल्या हाती आहे, गुन्ह्याचा निवाडा न्यायालयाचा आहे. क्षमेसाठी कुणावर घाईही करू नका. ग्लॅडिसबाईंचे उदाहरण ताज्या जखमेच्या माणसाला सुनावणे निर्दयपणाचे आहे.

मार खाणाऱ्या बाईला 'सोस' म्हणणे. विश्वासामुळे घरात मारहाण होत असेल, तर पाळकाने तिला आधी सुरक्षित जागी न्यावे. वचने नंतर सांगावीत.

वाळीत पडलेल्याला एकटे सोडणे. जातपंचायतीने किंवा समाजाने आपल्यातल्या कुणाला वाळीत टाकणे हा महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण खटला उभा राहीपर्यंत त्या घराला दुकानातून किराणा मिळत नसतो, पिठाची गिरणी बंद असते, मुलांशी कुणी खेळत नसते. शेजारच्या गावातल्या मंडळीने दळण आणि किराणा पोचवण्याचे वार वाटून घ्यावेत, मुलांना शाळेत सोडायला कुणीतरी जावे, आणि तहसीलदारांकडे अर्ज घेऊन जाताना त्या माणसाबरोबर दोघे-तिघे असावेत.