मनसरच्या फाट्याने शिकवलेलं

२४ मार्च २०२०च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. काही दिवसांतच हैदराबाद, पुणे, मुंबईकडून निघालेली माणसं नागपूर ओलांडून कामठी, कन्हानमार्गे मनसरला येऊ लागली. कुणाला सिवनी गाठायचं होतं, कुणाला जबलपूर, रीवा, प्रयागराज. आपल्या विदर्भात निर्वासित नवे नाहीत. गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावला १९७२ पासून तिबेटी कुटुंबांची वसाहत आहे, सरकारने त्यांना जमीन दिली. मनसरला आलेली माणसं मात्र याच देशाची होती आणि तरी निराधार होती. रामटेकहून आम्ही काही जण फाट्यावर जाऊन उभे राहिलो. तिथे जे कळलं ते लिहून ठेवतो.

१. आधी विचारावं, मग वाढावं.
कार्तिकातल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेमुळे रामटेकला मोठ्या स्वयंपाकाची सवय आहे. अन्न कमी पडलं नाही. पण नागपूरपासून वाटेत लोक जेवू घालतच होते, त्यामुळे मनसरला पोचलेल्या माणसाची नड बऱ्याचदा वेगळी असे. एकाने पुढे केलेली पत्रावळ बाजूला ठेवली आणि बंद पडलेला फोन दाखवून म्हणाला, "भैया, पहले घर पे बात करा दो." बोलणं झालं, डोळे पुसले, मग जेवायला बसला. दुसऱ्या दिवसापासून फाट्यावर टाकलेल्या मांडवात पाण्याच्या पिंपाशेजारी चार्जिंगचा बोर्ड आला. रिचार्ज मारून द्यायला एक मुलगा तिथेच बसू लागला. त्यानंतरचा प्रश्न ठरलेला: खवाशाला मध्य प्रदेशच्या सीमेवर सोडतात का, पुढे गाडी मिळते का? याचं खरं उत्तर देता यावं म्हणून रोज सकाळी तिकडच्या ओळखीच्यांना फोन करावा लागे. चुकीच्या माहितीवर माणूस लेकरांसह वीस-पंचवीस किलोमीटर चालून जातो, हे डोक्यात ठेवूनच बोलावं.

२. पाय बघावेत.
मे महिन्यातलं आपलं ऊन ठाऊकच आहे. एका बाईच्या रबरी चपलेचा अंगठा तुटला होता आणि तिथे लुगड्याची चिंधी बांधलेली होती. टाचेखाली तळ इतका झिजला होता की डांबर थेट कातडीला लागत होतं. डॉक्टरांनी आम्हाला बजावलं होतं: फोड फोडायचे नाहीत, स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडे करायचे, वर जाळीची पट्टी. चपलांचं दुकान बंद होतं. दुकानदाराने मागच्या दाराने माल काढून दिला. मोठ्यांची मापं मिळाली, लहान मुलांची लगेच संपली. मग सुतळीने पायाची लांबी घेऊन तो तुकडा दुकानात पाठवायचो.

३. शिदोरीला खिचडी देऊ नये.
सकाळी बांधलेली दुपारी आंबते. तिखट-मिठाच्या पुऱ्या, फुटाणे, गूळ टिकतात.

४. बायकांपाशी बायकांनीच जावं.
पाळीचे कपडे, अंघोळीला आडोसा, अंगावर पिणारं मूल, पोटुशीपण, यांतलं काहीही आम्हा पुरुषांना कुणी सांगितलं नसतं. देवलापारकडची एक ताई गोंडीत बोलू लागली, तेव्हा मंडल्याकडच्या बायका मोकळ्या झाल्या. कडी लागेल अशी एक न्हाणी मिळाली तर ती आधी त्यांना द्यावी.

५. फोटो काढू नयेत.
घास घेताना कुणी आपला फोटो काढलेला आपल्याला चालेल का?

६. रात्री पुढे जाऊ देऊ नये.
८ मे २०२० रोजी औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांना मालगाडीने चिरडलं. जालन्याहून निघाले होते, मध्य प्रदेशात शहडोल, उमरियाला जायचं होतं. मनसरपुढे तर पेंचचं जंगल आणि भरधाव ट्रक. त्यानंतर आम्ही संध्याकाळी हात जोडून थांबवायचो. पुढे एसटीने राज्याच्या सीमेपर्यंत मोफत सोडायला सुरुवात केली. २८ मेला सर्वोच्च न्यायालयाने मजुरांकडून रेल्वे किंवा बसचं भाडं घेऊ नये असा आदेश दिला. तेव्हा आमचं काम बदललं: नावं लिहायची, रांग लावायची, म्हाताऱ्यांना आधी चढवायचं. गाडी भरताना कुटुंब फुटू नये, हे सगळ्यात महत्त्वाचं.

७. निरोपानंतरही फोन करावा.
पोचला का, एवढंच विचारायचं. त्यातूनच कळायचं की ठेकेदाराने मजुरी बुडवली आहे. परप्रांतात नेलेल्या मजुरांसाठी तेव्हा १९७९चा कायदा लागू होता, पण फाट्यावर भेटलेल्या बहुतेकांनी त्याचं नाव ऐकलं नव्हतं. निघण्यापूर्वी ठेकेदाराचं नाव, गाव, नंबर कागदावर लिहून घेतला, तर मागे लागायला काही तरी हाती राहतं.

असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झाली. आपल्या आसपास वीटभट्टीवर किंवा बांधकामावर बाहेरून आलेली कुटुंबं असतील, तर त्यांची नोंदणी झाली आहे का ते विचारा आणि नसेल तर करून द्या. रामटेक, मनसर, देवलापारच्या तरुणांना आणखी एक मागणं: टेम्पो कुणाकडे, मोठी भांडी कुणाकडे, नर्स कोण, गोंडी बोलणारी ताई कोण, याची यादी पुन्हा अशी वेळ येण्याआधी, आत्ताच करा. एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक तहसील कार्यालयात देऊन ठेवा.