बांधलेल्या इंजिनाचा पहिला अर्धा तास

पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. या काळात भाट्ये खाडीच्या काठी बोटी शाकारून ठेवल्या जातात आणि इंजिनाची राहिलेली कामे निघतात. कुणाचे लायनर झिजलेले असतात, कुणाची क्रँक घासावी लागते, तर कुणाचे सारे इंजिन खोलून नव्याने बांधावे लागते. या कामात मालकाची वर्षाची शिल्लक जाते, पुष्कळदा कर्जही होते.

एवढा खर्च करून बांधलेले इंजिन टिकणार की नाही, हे बऱ्याच अंशी पहिल्या अर्ध्या तासात ठरते. नव्या बेअरिंगला ऑईल पोचण्याआधी इंजिन वेगाने फिरले, तर महिन्याची मेहनत मिनिटात वाया जाते. भाट्येच्या खाडीत आणखी एक धोका आहे. काजळी नदी जिथे समुद्राला मिळते त्या मुखाशी गाळ साचलेला असतो आणि बोटींना भरती पाहूनच ये-जा करावी लागते. अशा ठिकाणी इंजिन बंद पडले तर बोट लाटांच्या तोंडी सापडते. म्हणून पहिली परीक्षा धक्क्यावर, दुसरी खाडीत आणि मगच मुखाबाहेर, हा क्रम सोडू नये. पुढील सूचना साध्या डिझेल पंपाच्या चार स्ट्रोक इंजिनासाठी आहेत. ट्रक, टेम्पो व जीपची अशी इंजिने बांधणाऱ्यांनाही त्यातल्या बहुतेक लागू पडतील.

सुरू करण्यापूर्वी

१) स्वच्छता : होनिंग केलेल्या लायनरमध्ये दगडाची बारीक पूड राहते. नुसत्या डिझेलने ती निघत नाही. गरम पाणी व साबणाने धुऊन, कोरडे करून लगेच ऑईल लावावे. हे काम अर्थातच पिस्टन घालण्यापूर्वीचे आहे. पांढरे फडके फिरवल्यावर ते काळे होता कामा नये.

२) ऑईल : इंजिनाच्या पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडचे साधे मिनरल ऑईल भरावे. सुरुवातीला महागडे सिंथेटिक ऑईल वापरू नये. त्याने रिंगा बसायला वेळ लागतो. टर्बो असेल तर त्याच्या ऑईलच्या नळीतही थोडे ऑईल सोडावे. नंतर पान्याने क्रँक पूर्ण दोन फेरे हाताने फिरवावी. कुठे अडली तर जोर न लावता कारण शोधावे. मग स्टॉप लिव्हर ओढून धरून सेल्फ दहा-पंधरा सेकंद मारावा, थांबावे, पुन्हा मारावा. गेजवर ऑईल प्रेशर दिसेपर्यंत डिझेल सोडू नये.

३) पाणी : जाकिटात गोडे पाणी भरताना आतली हवा निघून जाऊ द्यावी. समुद्राच्या पाण्याची जाळी साफ करावी. आपल्या खाडीच्या गाळाने ती लवकर तुंबते. पाण्याच्या पंपातील रबरी इंपेलर कोरडा चालला तर थोड्याच वेळात फाटतो, म्हणून तो ओला करून घ्यावा. मात्र ज्या बोटीत समुद्राचे पाणी सायलेन्सरच्या नळीत सोडलेले असते, तिथे इंजिन न उठता वारंवार सेल्फ मारला तर नळी भरून पाणी उलटे सिलिंडरमध्ये शिरू शकते. अशा बोटीत सेल्फ मारताना समुद्राचा कॉक बंद ठेवावा आणि इंजिन उठताच विलंब न लावता उघडावा. या कामासाठी एक माणूस कॉकजवळच बसवावा.

४) डिझेल : दोन महिने उभ्या असलेल्या टाकीच्या तळाशी पाणी साचते. ते काढून टाकावे आणि फिल्टर नवे घालावेत. हवा आधी फिल्टरच्या स्क्रूतून, मग पंपाच्या स्क्रूतून आणि शेवटी नोझलच्या नळ्यांचे नट सैल करून काढावी. नोझलची धार हाताने तपासू नये. ती कातडीत घुसते आणि अशी जखम दिसायला लहान असली तरी फार घातक असते.

५) बंद करण्याची तयारी : इंजिन सुरू करण्याआधी ते बंद कसे करायचे हे पाहून ठेवावे. पंपाचा रॅक अडकला तर डिझेल इंजिन आवरत नाही, वेग वाढतच जातो. म्हणून एका माणसाचा हात स्टॉप लिव्हरवर असावा आणि हवेच्या तोंडावर दाबण्यासाठी जाड फळी जवळ ठेवावी. हात किंवा कापड लावू नये. आग विझवण्याचे साधनही हाताशी असावे.

सुरू झाल्यावर

पहिली नजर ऑईल प्रेशरवर. दहा सेकंदांत काटा वर आला नाही तर इंजिन तत्काळ बंद करावे. प्रेशर चांगले असेल तर वेग मिनिटाला सुमारे एक हजार ते बाराशे फेऱ्यांवर ठेवावा. नवे इंजिन तासभर मंद गतीने सोडून देण्याची पद्धत चुकीची आहे. त्याने रिंगा बसत नाहीत, लायनरला चकाकी येते आणि पुढे ऑईल जळते. वीस मिनिटे गळती, पाणी व उष्णता पाहावी. नंतर बंद करून थंड होऊ द्यावे, ऑईल व पाण्याची पातळी तपासावी. पुस्तकात सांगितले असेल तर हेडचे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने कसावेत आणि टॅपेट लावावेत.

यानंतर भरतीच्या वेळी खाडीतच निम्म्या भाराने बोट चालवावी. पहिले वीस-पंचवीस तास वेग कमीजास्त करत राहावा. पूर्ण जोर देऊ नये, पण भाराविनाही चालवू नये. पुस्तकात दुसरे काही सांगितले नसेल तर साधारण पन्नास तासांनी ऑईल व फिल्टर बदलावे.

दोष कसा ओळखावा

सेल्फ मारला आणि इंजिन अडकले, तर पिस्टनवर पाणी किंवा डिझेल असू शकते. पुन्हा सेल्फ मारू नये. नोझल काढून हाताने फिरवावे.

इंजिन फिरते, पण सायलेन्सरमधून धूरच नाही, तर डिझेल पोचत नाही. हवा, स्टॉप लिव्हर व फीड पंप पाहावा.

पांढरा धूर येतो पण इंजिन उठत नाही, तर डिझेल पोचते पण जळत नाही. येथे पंपाचे टायमिंग प्रथम पाहावे. चार स्ट्रोक इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा पंपाचा एक होतो. फ्लायव्हीलची खूण दोनदा वर येते आणि त्यातली एकच खरी असते. पहिल्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत ना, हे न पाहता पंप जोडला तर खूण जुळूनही इंजिन उठत नाही. टायमिंग बरोबर असेल तर फार कसलेले टॅपेट व कमी कॉम्प्रेशन तपासावे.

ठोका येत असेल तर एकेका नोझलच्या नळीचा नट फडके गुंडाळून सैल करावा. ज्या सिलिंडरवर आवाज बदलतो, दोष तिथला. जड ठोक्याबरोबर ऑईल प्रेशरही उतरत असेल तर बेअरिंग गेले असे समजून लगेच बंद करावे.

निळसर धूर पहिले काही तास थोडा चालतो. नंतरही राहिला तर रिंगा उलट्या बसल्या आहेत, त्यांची तोंडे एका रेषेत आली आहेत किंवा व्हॉल्व्ह गाईड झिजले आहे. काळा धूर म्हणजे हवा कमी, नोझल खराब किंवा भार जास्त. पंख्यात जाळ्याचा तुकडा अडकला नाही ना, हेही पाहावे. ऑईल दुधाळ झाले किंवा पाण्यात सतत बुडबुडे आले, तर हेड गॅस्केट किंवा लायनरची रबर रिंग गळत आहे. असे इंजिन पुढे चालवू नये.

हिशेब लिहिलेला असावा

इंजिन बिघडले की मालक मिस्त्रीला, मिस्त्री सुट्या भागांच्या दुकानदाराला आणि दुकानदार मालकाच्या चालवण्याला दोष देतो. वर्षानुवर्षांचे संबंध यात तुटतात. यावर उपाय स्वस्त आहे. एका वहीत लायनरचे माप, क्रँक किती घासली, बेअरिंगची साईज, रिंगांचे अंतर, हेडचा टॉर्क आणि कोणता भाग नवा, कोणता जुना, हे लिहावे. पहिल्या दिवशीचे ऑईल प्रेशर व पाण्याची उष्णता त्याखाली लिहावी आणि दोघांनी सही करावी. काढलेले जुने भाग मालकाला दाखवून परत द्यावेत. उधारी राहिली असेल तर रक्कम व मुदतही लिहावी. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरामध्ये दिलेलीच आहे.

मिस्त्रीच्या हाती आलेले इंजिन ही अमानत असते. क्रँकला बारीक तडा दिसला, पैसे वाचवण्यासाठी जुनेच बेअरिंग घातले, तर ते मालकाला सांगितले पाहिजे. ऐब लपवून घेतलेल्या मोबदल्यात बरकत नसते, आणि इथे तर त्या इंजिनावर तांडेल व खलाशांचे जीव अवलंबून असतात. मालकानेही ३१ जुलैला इंजिन बांधून १ ऑगस्टला समुद्रात जाण्याचा हट्ट धरू नये. जुलैच्या मध्यापर्यंत काम पुरे होईल अशा बेताने इंजिन मिस्त्रीकडे द्यावे, म्हणजे धक्क्यावरची व खाडीतली परीक्षा निवांत होईल आणि निघालेला दोष काठावरच दूर करता येईल. इन्शाअल्लाह, असे बांधलेले इंजिन अनेक हंगाम साथ देईल.