कठीण संसारात नाताळची आशा

डिसेंबर आला की घरावर तारा लागतो, करंज्या तळल्या जातात, कॅरोल गाणारी मंडळी दारात येते. आपण हसून त्यांचे स्वागत करतो. ते गेल्यावर मात्र कित्येक घरांत पुन्हा तोच अबोला सुरू होतो. उपासनेत पती-पत्नी एकाच बाकावर बसतात, पण मने दूर असतात. तुमचे घर असे असेल, तर नाताळच्या दिवसांत हे ओझे अधिकच जड वाटते. तुमच्यासाठी ख्रिस्तजन्मात काही आशा आहे का?

मोडू पाहणारे नाते

मत्तयाच्या पहिल्या अध्यायातील 18 ते 25 ही वचने सावकाश वाचा. मरीयेचे योसेफाशी वाग्दान झाले होते. यहूदी रीतीप्रमाणे वाग्दान विवाहासारखेच बंधनकारक असे. ते मोडायला सूटपत्र द्यावे लागे. अशा वेळी ती गरोदर असल्याचे दिसून आले. तिचा काही दोष नव्हता. ते बाळ पवित्र आत्म्यापासून होते. पण योसेफाला हे अजून कळले नव्हते. त्याच्या मनावर काय गुजरले असेल! तिची बेअब्रू होऊ नये म्हणून त्याने तिला गुपचूप सोडायचे ठरवले. तो या विचारात असतानाच प्रभूचा दूत त्याच्याशी बोलला.

याच वृत्तांतात मत्तय आपल्याला इम्मानुएल हे नाव देतो. देव आपल्याबरोबर आहे, हा त्याचा अर्थ. जे नाते मोडण्याच्या बेतात होते, त्याच्या गोष्टीत हे नाव यावे, हे लक्षात घ्या. त्याच अध्यायातील वंशावळीत उरीयाच्या पत्नीचाही उल्लेख आहे. दावीदाच्या घरातले पाप देवाने झाकून ठेवले नाही आणि त्या घराकडे पाठही फिरवली नाही.

आशा कशावर ठेवावी?

दूताचे ऐकून योसेफाने मरीयेला घरी आणले. तरी पुढची वाट सोपी नव्हती. गव्हाणी, हेरोदाचा क्रोध, परक्या देशातला मुक्काम हे सर्व आलेच. म्हणून 25 तारखेपर्यंत जोडीदार बदलेल, ही आपली आशा नव्हे. त्याचे किंवा तिचे मन आपल्या हाती नाही. जोडीदाराच्या बदलावर टेकलेली आशा प्रत्येक भांडणात मोडते. ख्रिस्त मात्र तुमच्या स्वयंपाकघरातल्या त्या शांततेतही तुमच्याबरोबर आहे.

या आठवड्यात काय कराल?

1. रोज दहा मिनिटे देवासमोर बसा. राग, निराशा, थकवा, जे असेल ते स्पष्ट सांगा.
2. जुना हिशेब न काढता जोडीदाराशी एक सौम्य वाक्य बोला. "आज एकत्र जेवू या" एवढेही पुरे. उत्तर आले नाही, तरी ते बोलणे व्यर्थ नाही.
3. एकट्याने झुरू नका. विश्वासू बहीण किंवा भाऊ, पाळक अथवा समुपदेशक यांच्याशी बोला.

एक गंभीर गोष्ट

घरात मारहाण किंवा जिवाची भीती असेल, तर ती सोसत राहणे म्हणजे विश्वास नव्हे. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात बाळाच्या जिवाला धोका होता, तेव्हा खुद्द देवानेच योसेफाला रातोरात मिसर देशात पळून जायला सांगितले. सुरक्षित जागी जाणे हे देवाच्या आज्ञेविरुद्ध नाही. भारतात महिलांसाठी 181 ही हेल्पलाइन आहे. तातडीच्या वेळी 112 वर फोन करा. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा 2005 चा कायदाही आहे. क्षमा करणे आणि स्वतःचे व मुलांचे रक्षण करणे, दोन्ही एकाच वेळी करता येते.

प्रार्थना

प्रभू येशू, तू गव्हाणीत आलास, तसा आमच्या घरातही ये. जे आम्हांला सावरता येत नाही, ते तुझ्या हाती देतो. आज पुढचे एक पाऊल टाकायला बळ दे. आमेन.